मदत हवी आहे: क्लस्टरला वापरलेल्या मशीन जोडल्या, आता डब्ल्यूआरएफ 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' देऊन बंद पडतं

राम राम मंडळी.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात भौतिकशास्त्र विभागाची लॅब मी सांभाळतो. चार डेस्कटॉप जोडून आमचा छोटा क्लस्टर आहे: आय५-४५७० प्रोसेसर, प्रत्येकी १६ जीबी रॅम, साधा गिगाबिट स्विच, उबंटू २२.०४ आणि जॉब वाटायला स्लर्म. त्यावर डब्ल्यूआरएफ हे हवामानाचं मॉडेल चालतं. पोरांचे एमएस्सीचे प्रकल्प त्यावरच होतात. बहुतेक पोरं कापूस-सोयाबीनवाल्या घरची, दुबार पेरणी काय असते ते त्यांनी घरात पाहिलेलं आहे. त्यामुळे जूनमधला पाऊस मॉडेलमध्ये कसा उतरतो यात त्यांचा जीव गुंतलेला असतो. हा क्लस्टर चालू राहावा असं मला मनापासून वाटतं.

नुकतीच एका कार्यालयाकडून सहा वापरलेली मशीन मिळाली: आय५-३४७०, ८ जीबी रॅम. यूईएफआयमधून नेटवर्क बूट होईना, लेगसी मोडवर झालं. ती अडचण सुटली. स्लर्मच्या एसरन आज्ञेने 'होस्टनेम' (मशीनचं नाव सांगणारी छोटी आज्ञा) चालवलं तर दहाही नोड, म्हणजे क्लस्टरमधल्या मशीन, व्यवस्थित उत्तर देतात. पण डब्ल्यूआरएफचा जॉब एखाद्या नव्या नोडवर गेला की सुरू होता होताच मरतो. लॉगमध्ये एवढंच:

प्रोग्राम रिसीव्ह्ड सिग्नल सिगइल: इल्लीगल इन्स्ट्रक्शन.

जुन्या चार नोडवर तोच जॉब, तीच नेमलिस्ट (मॉडेलच्या सेटिंगची फाइल), काही तक्रार नाही. बायनरी, म्हणजे कंपाइल केलेला प्रोग्राम, एनएफएसवर (सगळ्या नोडना दिसणाऱ्या सामाईक फोल्डरात) एकच आहे, सगळे तीच वापरतात. वेग मिळावा म्हणून ती जुन्या नोडवर 'मार्च=नेटिव्ह' हा कंपायलरचा फ्लॅग लावून कंपाइल केलेली आहे. नव्या मशीनची रॅम मेमटेस्टमध्ये रात्रभर तपासली, एकही एरर नाही.

आणखी दोन गोष्टी. नवे नोड अधूनमधून ड्रेन होतात, म्हणजे स्लर्म त्यांना नवे जॉब देणं थांबवतं, कारण दिसतं 'लो रिअलमेमरी'. स्लर्मच्या फाइलमध्ये मी ८१९२ लिहिलं आहे. आणि लाईन गेली की खरी पंचाईत: बॅकअप संपून मशीन बंद पडल्या, तर परत आल्यावर काही नवे नोड क्लस्टरमध्ये येतच नाहीत. मंजच्या (स्लर्मच्या नोडची आपसात ओळख पटवणारा प्रोग्राम) लॉगमध्ये 'रिवाउंड क्रेडेन्शियल' असतं. आमच्याकडे उन्हाळ्यात लाईन किती वेळा जाते ते विदर्भातल्या लोकांना सांगायला नको.

ही मशीन जुळणारीच नाहीत, की काही करता येईल? नवीन घ्यायला पैसे नाहीत.

प्रतिसाद

भाऊ, मशीन चांगल्या आहेत, परत करू नका. तुमचे जुने नोड हॅसवेल पिढीचे, २०१३ चे. नवे मिळालेले आयव्ही ब्रिज, त्याच्या आधीच्या पिढीचे. एव्हीएक्स२ आणि एफएमए या प्रोसेसरच्या वेगवान गणिताच्या सूचना (इन्स्ट्रक्शन) इंटेलने हॅसवेलपासून दिल्या. आयव्ही ब्रिजमध्ये फक्त एव्हीएक्स आहे. 'मार्च=नेटिव्ह' म्हणजे ज्या मशीनवर कंपाइल करून राहिले, तिच्या सगळ्या सूचना वापरायची कंपायलरला मुभा. ती बायनरी आयव्ही ब्रिजवर गेली की त्याला न कळणारी सूचना येते आणि कर्नल (उबंटूचा गाभा) प्रोसेस मारते. होस्टनेम चालतं, कारण उबंटूची पॅकेजं सर्वसाधारण x८६-६४ साठी बांधलेली असतात.

खात्री करायची तर दोन्हीकडे /प्रॉक/सीपीयूइन्फो मधल्या फ्लॅग्जमध्ये एव्हीएक्स२ शोधा. नव्यावर सापडणार नाही. मग 'मार्च=आयव्हीब्रिज' लावून पुन्हा कंपाइल करा, ती बायनरी दहाही नोडवर चालेल. नेटसीडीएफ, एचडीएफ५ (डब्ल्यूआरएफला डेटा फाइलींसाठी लागणाऱ्या लायब्ररी) हाताने बांधलं असेल तर तेही त्याच फ्लॅगने बांधा, नाहीतर तोच एरर लायब्ररीतून येईल. एक लक्षात ठेवा, एफएमएमध्ये गुणाकार-बेरीज मिळून एकदाच राउंडिंग होतं. त्यामुळे जुन्या आणि नव्या बायनरीचे आकडे शेवटच्या घरांत जुळणार नाहीत. अर्धवट झालेला प्रकल्प असेल तर तो जुन्या बायनरीवरच संपवू द्या.

'लो रिअलमेमरी'चं सोपं आहे. ऑनबोर्ड ग्राफिक्स आणि कर्नल थोडी रॅम आधीच घेतात, म्हणून पूर्ण ८१९२ एमबी कधीच दिसत नाही. प्रत्येक नोडवर 'स्लर्मडी -सी' (सी कॅपिटल) चालवा, जो आकडा येईल त्याहून थोडा कमी लिहा. ड्रेन झालेला नोड आपोआप परत येत नाही, स्लर्मच्या एसकंट्रोल आज्ञेने रिझ्यूम करावा लागतो.

प्रतिसाद

मंजचं मी सांगतो, आमच्याकडे वर्धेला हेच झालं होतं. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला असणार. वीज गेली की घड्याळ काही वर्षं मागे जातं. हेड नोडने (क्लस्टर चालवणाऱ्या मुख्य मशीनने) दिलेलं क्रेडेन्शियल, म्हणजे वेळ टाकलेलं ओळखपत्र, मग त्या नोडला भविष्यातलं वाटतं आणि मंज ते नाकारतं. सहाही सेल एकदम बदला, गावातल्या घड्याळवाल्याकडे मिळतात. आणि हेड नोडवर क्रोनी (घड्याळ जुळवणारा प्रोग्राम) बसवून बाकीच्यांना वेळ तिथूनच घ्यायला लावा. 'लोकल स्ट्रॅटम १०' ठेवलं की इंटरनेट नसलं तरी सगळ्यांची वेळ एक राहते. घड्याळ जुळेपर्यंत थांबवणारं क्रोनी-वेट चालू करा आणि नोडवरचा स्लर्मचा प्रोग्राम स्लर्मडी त्याच्यानंतर सुरू होईल असं बघा.

दुसरं, सर, एकाच जॉबमध्ये दोन पिढ्या मिसळू नका असं माझं स्पष्ट मत आहे. डब्ल्यूआरएफ डोमेनचे जवळपास सारखे तुकडे करून प्रत्येक प्रोसेसला देतं आणि दर टाइमस्टेपला सगळे एकमेकांसाठी थांबतात. सगळ्यात हळू नोडचा वेग तोच सगळ्यांचा वेग. स्लर्ममध्ये नोडना 'फीचर' (लेबल) द्या, हॅसवेल आणि आयव्ही, आणि जॉब 'कन्स्ट्रेंट' (कोणत्या लेबलचे नोड हवेत ती अट) लावून सोडा. मग जुन्या चारांसाठी नेटिव्ह बायनरीही ठेवता येते. आणि इथटूल आज्ञेने नव्यांचा नेटवर्कचा स्पीड बघा. १०० मेगाबिट दिसला तर केबल बदला. गिगाबिटला केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, एखादी तार तुटली तरी १०० वर लिंक होऊ शकते आणि बाहेरून काही कळत नाही.

धागाकर्ता

दोघांचेही खूप खूप आभार. एव्हीएक्स२ नव्यांत खरंच नाही. आयव्हीब्रिज बायनरी बांधली, सहाही नोडवर जॉब शेवटपर्यंत गेला. नेटसीडीएफ उबंटूच्याच पॅकेजचं आहे, त्याला हात लावला नाही. सेल बदलले, लाईन गेल्यावर आता नोड स्वतःहून परत येतात. एका नोडचा स्पीड १०० निघाला, भिंतीजवळ केबल उंदरांनी कुरतडली होती.

दोन फीचर केले आहेत. मोठं डोमेन जुन्या चारांवर, पोरांचे सरावाचे छोटे रन नव्या सहांवर. आता अडतं ते फक्त रॅमला. यवतमाळ, दारव्हा, पुसद भागात कोणाकडे डीडीआर३ च्या डेस्कटॉपच्या ४ जीबीच्या पट्ट्या पडून असतील तर कृपया व्यनि करा, मी येऊन घेऊन जाईन.