हल हाउस: शेजार की श्रीमंतांची हौस?

चाळकरी: अमेरिकन समाजसेविका जेन अ‍ॅडम्स आणि एलन गेट्स स्टार १८८९ मध्ये शिकागोच्या हॉलस्टेड स्ट्रीटवर, स्थलांतरित मजुरांच्या वस्तीत बिऱ्हाड करून राहिल्या; तेच हल हाउस. पहिल्या नाताळात वस्तीतल्या पोरींना गोड गोळ्या वाटल्या, तर काहींनी हातसुद्धा लावला नाही. सहा आठवडे सकाळी सात ते रात्री नऊ गोळ्यांच्याच कारखान्यात राबून त्यांना त्या बघवत नव्हत्या! लांबून देणगी धाडणाऱ्याला हे कधी कळलं असतं? मदत करायची तर आधी तिथे राहा, असं माझं मत.

तिरकस: राहिल्या, पण वडिलांच्या पैशावर. १८९६ मध्ये अ‍ॅडम्सबाई रशियन लेखक टॉलस्टॉयना भेटल्या. टॉलस्टॉयनी बाईंची फुगीर बाही धरून सुनावलं, एवढ्या कापडात एका पोरीचा फ्रॉक होईल. बाईंचं उत्पन्न शेतीचं, तेव्हा दूर राहून जमीनदारी करता का, हेही विचारलं. मग बाईंनी रोज दोन तास पाव भाजायचं ठरवलं, तेही बारगळलं. शेजाऱ्यांना वस्ती सुटत नव्हती, यांना हवी तेव्हा सोडता येत होती. शेजार म्हणतात याला?

चाळकरी: सोडता येत होती, सोडली नाही. १९३५ मध्ये वारल्या तोवर घर तेच. आणि बाह्यांचं काय घेऊन बसलात? १८९५ मध्ये याच बाई वॉर्डाच्या कचरा निरीक्षक होऊन भल्या पहाटे गाड्यांमागे फिरत होत्या. तिथेच राहायला आलेल्या फ्लॉरेन्स केलींनी घरोघरचे शिवणकामाचे कोंदट कारखाने पालथे घातले. त्यातून १८९३ चा कायदा झाला: चौदाच्या आतल्या मुलांना कारखान्यात बंदी, बायकांना दिवसाला आठच तास काम.

तिरकस: आठ तासांचं कलम १८९५ मध्ये कोर्टाने उडवलं, ते सोयीस्कर गाळलंत.

अबोली: आणि काळ्यांचं काय? १९०१ मध्ये अ‍ॅडम्सबाईंनी काळ्यांच्या झुंडबळींविरुद्ध लेख लिहिला खरा, पण वादापुरतं का होईना, मारले गेलेले गुन्हेगारच होते असं धरून. त्याच वर्षी काळ्या पत्रकार आयडा बी. वेल्सनी आकड्यांनिशी उत्तर दिलं: बहुतेक बळींवर बलात्काराचा नुसता आरोपसुद्धा नव्हता. वस्तीत राहून दिसतं ते त्याच वस्तीपुरतं, चाळकरी.

चाळकरी: हे मान्य. पण या वस्तीत राहण्याच्या कल्पनेचं बीज इथवर आलं हेही बघा. शिकागोत शिकलेले क्लिफर्ड मॅनशार्ट अमेरिकन मराठी मिशनतर्फे मुंबईत आले, १९२७ मध्ये नागपाडा नेबरहुड हाउस उभं केलं. समाजकार्य शिकवणारी आजची टाटा समाजविज्ञान संस्था १९३६ मध्ये तिथेच सुरू झाली.

तिरकस: म्हणजे मुक्कामाची पदवी झाली! आता फील्डवर्क आटोपून संध्याकाळच्या लोकलने घरीच जातात ना सगळे?