‘मोजा’ म्हटलं की काय मोजायचं? गट, वर्ग, रास आणि वारंवारता

धुळे, संगणक प्रयोगशाळेत शिकवते

गेल्या आठवड्यात मुलांना एक प्रात्यक्षिक दिलं. फाइल केळीच्या घडांची, रावेर-यावल पट्ट्यातली. २४० ओळी, ओळीला एक घड. रकाने चार: गट नंबर, बाग (मृगबाग, कांदेबाग, पिलबाग), फण्या आणि वजन. मृगबाग आणि कांदेबाग म्हणजे वेगवेगळ्या हंगामांत लावलेल्या बागा, पिलबाग म्हणजे जुन्या झाडांच्या पिलांवर घेतलेली. पायथनमध्ये पांडाज ही तक्ते हाताळणारी लायब्ररी वापरून मोजणी करायची आणि मॅटप्लॉटलिबने आलेख काढायचा. फळ्यावर मी लिहिलं:

“गटानुसार घड मोजा, वजनाचे वर्ग करा आणि आलेख काढा.”

मला हवं होतं ते असं: मृगबागेचे घड किती, कांदेबागेचे किती, पिलबागेचे किती. मग १५ ते २० किलो, २० ते २५ किलो अशा टप्प्यांत घड किती पडतात, त्याचा आलेख. निम्म्या मुलांनी ‘गट’ म्हणजे गट नंबर धरला. काहींनी घडांच्या संख्येऐवजी वजनांची बेरीज आणली, विचारलं तर म्हणाले, “मॅडम, घड काट्यावरच मोजतात ना?” आणि एकाने वजनांचा खरोखर वर्ग केला, २० किलोच्या जागी ४००.

एकाही मुलाचं चुकलेलं नाही. मी लिहिलेल्या वाक्याचा प्रत्येक अर्थ मराठीत बसतो. साक्री, शिरपूर, दोंडाईचाकडून येणारी, मराठीतून शिकलेली ही मुलं आहेत. इंग्रजी शब्द फळ्यावर टाकून मोकळं व्हायला मन घेत नाही. नेमके शब्द कोणते वापरावेत?

जळगाव, गणिताचा निवृत्त शिक्षक

ताई, ‘वर्ग’ नाम म्हणून ठीकच आहे, पाठ्यपुस्तकात तेच आहे. घोटाळा पुढच्या क्रियापदाने होतो. संख्येचा वर्ग करतात. सामग्रीचे, म्हणजे डेटाचे, वर्ग पाडतात. आणि बँकेत रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात वर्ग करतात, तो तिसराच अर्थ. ‘वजनानुसार वर्ग पाडा’ असं लिहिलं असतं तर त्या मुलाने ४०० काढले नसते. मराठीत नाम तेच ठेवून क्रियापदाने अर्थ वेगळा करायची सोय आहे, ती आपण वापरत नाही.

वर्ग पाडल्यावर प्रत्येक वर्गात जितके प्राप्तांक येतात ती त्या वर्गाची ‘वारंवारता’. शब्द लांब वाटतो, पण ‘वारंवार’ ज्याच्या तोंडात आहे त्याला समजावून सांगावा लागत नाही.

आता एक गोष्ट सावकाश सांगतो, कारण इथे पुस्तक आणि संगणक वेगळं बोलतात. १५–२०, २०–२५ असे वर्ग असतील तर बरोबर २० किलोचा घड कुठे घालायचा? आपल्या पुस्तकातल्या असमावेशक पद्धतीत वरची मर्यादा त्या वर्गात धरत नाहीत, म्हणून २० पुढच्या वर्गात, २०–२५ मध्ये. पांडाजच्या वर्ग पाडणाऱ्या ‘कट’ला काही सांगितलं नाही तर तो उलट करतो: उजवं टोक आत, डावं टोक बाहेर. २० किलोचा घड १५–२० मध्ये बसतो, आणि सगळ्यात खालचा, बरोबर १५ किलोचा घड कुठल्याच वर्गात बसत नाही. त्याच्या ‘राइट’ या पर्यायाला ‘फॉल्स’ दिलं की पुस्तकाशी जुळतं. मग वरचं शेवटचं टोक सांभाळावं लागतं, तिथे आणखी एक वर्ग पाडून ठेवायचा. नमपाय या पायथनच्या दुसऱ्या लायब्ररीचा ‘हिस्टोग्राम’ पुस्तकासारखा चालतो, फक्त शेवटच्या वर्गात दोन्ही टोकं आत घेतो. शेतकरी वजन पूर्ण किलोतच लिहितो, त्यामुळे टोकावरचे घड पाच-दहा नसतात, बरेच असतात. आलेखाचा आकार त्यांनी बदलतो.

म्हणून वर्ग पाडले की ताळा घ्यायचा. पाचाच्या जुड्या करून ज्या रेघा ओढतो त्यांना आपण ताळ्याच्या खुणा म्हणतो. ताळा म्हणजे पडताळणी, ताळमेळ आणि ताळेबंद यांतला तोच. सगळ्या घडांची वजनं भरलेली असतील तर वारंवारतांची बेरीज २४० आली पाहिजे. २३७ आली तर तीन घड कुठेतरी सांडले आहेत.

रावेर, केळी लावतो

ताई, गट नंबरवाल्या पोरांना रागवू नका. सातबाऱ्यावर गट असतो, पंचनाम्यात गट असतो. तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा १९४७ चा. पुढे एकत्रीकरण झालं त्या गावांत जुन्या सर्व्हे नंबरांच्या जागी गट नंबर आले. आमच्या घरात ‘गट’ म्हटलं की आधी जमीनच दिसते. त्यातून तुमच्या फाइलीत त्या नावाचा रकाना! नुसतं ‘गटानुसार’ लिहू नका, ‘बागेनुसार’ लिहा. ज्याच्या नावाने गट पाडायचे ते नावच सांगायचं. आलेखाला इंग्रजीत ‘प्लॉट’ म्हणतात त्याचंही तेच, इकडे प्लॉट म्हणजे बिनशेतीचा तुकडा.

आणि ‘मोजा’बद्दल. काट्यावर मोजतात हे पोरांनी बरोबर सांगितलं. कापणीला मजूर घड मोजतो तेव्हा नग मोजतो, पुढे काट्यावर त्याच घडांचं वजन मोजतो. दोन्हीला शब्द एकच. पण व्यापारी विचारतो ते तिसरंच असतं: “रास किती बसली?” रास म्हणजे घडाचं सरासरी वजन. बावीसची रास म्हणजे घडामागे बावीस किलो. ज्वारी-गव्हाची रास म्हणजे खळ्यातला ढीग, ती वेगळी. तुमच्या प्रात्यक्षिकात रास काढायला लावा, पोरांच्या घरचा शब्द आहे.

धुळे, संगणक प्रयोगशाळेत शिकवते

भाऊ, तुमची रास लगेच चालवून पाहिली आणि हाती जे आलं ते इथे मांडलंच पाहिजे.

मृगबागेच्या ओळी ९६. गट पाडणाऱ्या ‘ग्रुपबाय’नंतर ‘साइज’ घेतला तर ९६. वजनाच्या रकान्यावर ‘काउंट’ घेतला तर ९१, कारण पाच घडांपुढे वजनाची जागा रिकामी आहे. ‘साइज’ ओळी मोजतो, ‘काउंट’ भरलेल्या नोंदी मोजतो. वजनांची बेरीज १९११ किलो. ती ९१ ने भागली तर रास बरोबर २१. ९६ ने भागली तर १९.९. एक किलोहून जास्त फरक, आणि दोन्ही भाजकांना मुलं ‘मोजलेले घड’च म्हणणार. सरासरी काढणारा ‘मीन’ रिकाम्या जागा आपोआप सोडतो, त्याचं उत्तर २१.

म्हणून मी दोन शब्द पक्के करते आहे. ‘साइज’साठी घडांची गणती, ‘काउंट’साठी नोंदींची गणती. ‘मोजा’ हे क्रियापद फक्त वजन-मापासाठी. सर, चालेल का?

जळगाव, गणिताचा निवृत्त शिक्षक

चालेल. शिरगणती, जनगणना या शब्दांत तो अर्थ आधीपासून बसलेला आहे; डोकी मोजतात, तोलत नाहीत. पण बोलताना ‘मोजा’ सुटणार नाही, आणि सोडायचा आग्रहही धरू नका. ‘नग मोजा’ आणि ‘वजन मोजा’ असं कर्म जोडून म्हटलं तरी पुरतं. नुसता ‘मोजा’ तेवढा फळ्यावर येऊ देऊ नका.

चोपडा

जनगणनेला जुना शब्द खानेसुमारी. फारसीत ‘खाना’ म्हणजे घर, ‘शुमार’ म्हणजे गणती. आपण कपाटाचा खाना म्हणतो तोही हाच. वजनाच्या टप्प्याला ‘वर्ग’ नको असेल तर ‘खाना’ घ्या: कोणत्या खान्यात किती घड. गंमत अशी की मुळात गणती असलेल्या त्या ‘सुमार’मधूनच आपलं ‘सुमारे’ आलं, आणि ते आता अंदाजाला लागतं.

शहादा, शिकतो आहे

मला ‘आलेख काढा’बद्दल विचारायचं होतं. शाळेत आम्ही ‘बिंदू स्थापन करा’ म्हणायचो. मी फण्या आडव्या अक्षावर आणि वजन उभ्या अक्षावर घेऊन सगळे घड टाकले. २४० घड, पण ठिपके तर ऐंशीसुद्धा दिसेनात. ९ फण्या, २० किलो असे कितीतरी घड एकाच जागी बसले होते.

मग फण्या आणि वजन या जोडीने गट पाडले, प्रत्येक जोडीची गणती घेतली आणि ती ठिपक्याच्या आकाराला दिली. मॅटप्लॉटलिबच्या ‘स्कॅटर’मध्ये आकाराचा जो आकडा देतात तो ठिपक्याच्या क्षेत्रफळाचा असतो, व्यासाचा नाही. त्यामुळे चार घडांचा ठिपका एका घडाच्या ठिपक्यापेक्षा दुप्पटच रुंद दिसतो, चौपट नाही. ते बरोबरच आहे ना? आणि याला मराठीत काय म्हणायचं?

धुळे, संगणक प्रयोगशाळेत शिकवते

बरोबर आहे, क्षेत्रफळच गणतीच्या प्रमाणात हवं. व्यास चौपट केला असता तर चार घड सोळांसारखे दिसले असते. नावासाठी ‘ठिपक्यांचा आलेख’ मला पुरेसं वाटतं. ठिपक्यांची रांगोळी सगळ्यांना माहीत असते. ‘बिंदू’ मात्र तिथे म्हणू नये. भूमितीतल्या बिंदूला आकार नसतो आणि तू तर आकारानेच सांगतो आहेस.

बागांची नावं आडव्या अक्षावर असतील तर ‘स्तंभालेख’, स्तंभांत अंतर ठेवून. वजनाचे वर्ग असतील तर ‘आयतालेख’, आयत एकमेकांना चिकटून, कारण १९ किलो संपतं तिथे पोकळी नसते. या दोघांना मुलं सरसकट ‘बार’ म्हणतात, तिथे मी अडून बसते.

शहादा, शिकतो आहे

मॅडम, माझ्या फाइलीत वजनं ‘१८’, ‘२१’ अशी मराठी आकड्यांत होती. पांडाजने तो रकाना मजकूर म्हणूनच वाचला, बेरीज होईना. पायथनच्या पूर्णांक करणाऱ्या ‘इंट’मधून एकेक काढल्यावर आकडे झाले. चलाची नावंही मी ‘रास’ आणि ‘वारंवारता’ अशीच ठेवली, चालतात. आलेखावर मात्र नावांच्या जागी चौकोन आले.

धुळे, संगणक प्रयोगशाळेत शिकवते

मूळ फाँटमध्ये देवनागरी नाही म्हणून चौकोन. देवनागरीचा फाँट दे, आणि ‘मिरची’सारख्या शब्दातली पहिली वेलांटी जागेवर बसते का ते डोळ्यांनी तपास.

उद्याचा फळा असा: “बागेनुसार गट पाडा आणि घडांची गणती करा. प्रत्येक बागेची रास काढा. भाजक म्हणून नोंदींची गणती घ्या. वजनानुसार असमावेशक वर्ग पाडा, वारंवारता लिहा, ताळा घ्या. आयतालेख काढा.”

रावेर, केळी लावतो

पिलबागेची रास वेगळी काढायला लावलीत हे बरं केलंत. मृगबागेत मिसळली की दोन्ही खोटी होतात. आणि त्या पाच घडांचं वजन का राहिलं ते फाइल देणाऱ्याला विचारा. आमच्याकडे दांडा मोडून पडलेला घड काट्यावर जात नाही, पण मोजला जातो.