डेट्रॉइटचा खासदार मराठी, पण निवडला कोणी?

हुरॉनकाठ (कॅन्टन, मिशिगन)

2022 च्या गणपतीत आमच्याकडे आरतीनंतर पेढे फिरले. कारण विचारलं तर म्हणे, "आपले श्री ठाणेदार अमेरिकन काँग्रेसवर (तिथल्या संसदेवर) निवडून आले!" निवडणूक होती 8 नोव्हेंबरला. पण पेढे वाटणारा चुकला नव्हता, आणि माझं दुखणं नेमकं तेच आहे.

मिशिगनचा 13 वा मतदारसंघ म्हणजे डेट्रॉइटचा मोठा भाग, हॅमट्रॅमिक, हायलंड पार्क आणि दक्षिणेकडची काही उपनगरं. इथे डेमोक्रॅटिक तिकीट मिळालं की नोव्हेंबर ही औपचारिकता. खरी लढत 2 ऑगस्टच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत झाली. उमेदवार नऊ. ठाणेदारांना सुमारे 28 टक्के मतं, दुसऱ्या क्रमांकाच्या ॲडम हॉलियर यांना 23-24. झालं, जागा मिळाली. म्हणजे भर उन्हाळ्यात मतदानाला आलेल्या थोड्या लोकांपैकी दर दहातल्या सातांनी दुसऱ्या कुणाला तरी मत दिलं होतं. 1955 पासून डेट्रॉइटचा किमान एक तरी कृष्णवर्णीय प्रतिनिधी काँग्रेसमध्ये असायचा. ती परंपरा इथे तुटली.

मला ठाणेदारांबद्दल राग नाही. पण याला जनादेश म्हणायचं का? माझं मत : नाही. 50 टक्के मिळाले नाहीत तर पहिल्या दोघांत पुन्हा मतदान हवं, जॉर्जिया राज्यात होतं तसं.

बेळगावकर

धागाकर्त्याशी पूर्ण असहमत. चिकोडीत जन्मलेला, बेळगावात वाढलेला मुलगा 1979 मध्ये अमेरिकेत जातो, रसायनशास्त्रात पीएच.डी. करतो, धंदा उभारतो आणि पुढे वॉशिंग्टनला जातो. आपल्याला त्यातही खोट काढायचीच असते का? खेकड्यांची गोष्ट उगाच नाही सांगत. आपल्याकडे किती खासदारांना 50 टक्के मतं पडतात? तिथे कधी जनादेश मोजायला बसला होतात?

तिरकस तात्या

बेळगावकर, धंदा उभारला आणि तोच पैसा प्रचारात ओतला, हेही लिहा की. 2018 मध्ये गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत स्वतःचे लाखो डॉलर घातले आणि तिसरे आले, व्हिटमर आणि एल-सय्यद यांच्या मागे. 2020 मध्ये राज्याच्या विधानसभेत पोचले. 2022 ला पुन्हा खिशात हात घातला. मराठी माणूस धंद्यात मागे, ही तक्रार तरी आता बंद करा.

डाऊनरिव्हर

मी याच मतदारसंघात राहतो. (कॅन्टन यात येत नाही हो, तुमचा सहावा.) त्यामुळे दोन गोष्टी.

पैसा एकाच बाजूने आला, हे साफ खोटं. हॉलियरना निवडून आणायला बाहेरच्या एका इस्रायलसमर्थक गटाने 40 लाख डॉलरच्या वर खर्च केला. आमच्या टपालपेटीत रोज दोन्हीकडची चकचकीत पत्रकं. एकाने स्वतःचे पैसे घातले, दुसऱ्यासाठी परक्यांनी घातले. यातलं सोवळं कोणतं ते तात्यांनी सांगावं.

दुसरं, 2024 मध्ये ठाणेदारांना 50 टक्क्यांहून जास्त मतं पडली आणि तीही प्रायमरीतच. मग आता तो जनादेश मानायचा की नाही?

हुरॉनकाठ

2024 चं अर्धंच सांगितलंत. हॉलियर यांच्या अर्जावर हजार वैध सह्या भरल्या नाहीत म्हणून ते मतपत्रिकेवरच नव्हते. प्रमुख पैलवान आखाड्याबाहेर असताना मिळालेली गदा आहे ती.

ग्रँड रॅपिड्सवाली

तुम्ही सगळे एकाच माणसाभोवती फिरताय. जरा राज्य बघा. 2012 मध्ये मिशिगनमध्ये डेमोक्रॅट्सना एकूण मतं जास्त आणि काँग्रेसच्या जागा 14 पैकी 5! कारण मतदारसंघांच्या रेषा आखल्या होत्या रिपब्लिकन विधिमंडळाने. ते बदलायला 2018 मध्ये लोकांनी सह्या गोळा करून घटनादुरुस्ती करवून घेतली आणि आखणी नागरिकांच्या आयोगाकडे गेली. चार डेमोक्रॅट, चार रिपब्लिकन, पाच कुठल्याच पक्षाचे नसलेले. आलेल्या अर्जांतून चिठ्ठ्या टाकावं तसे निवडलेले. जनगणनेनंतर एक जागा गेली, 13 उरल्या. 2022 ला निकाल डेमोक्रॅट 7, रिपब्लिकन 6. 2024 ला बरोबर उलटा. वारं फिरलं की जागा फिरते, आधी हे इतकं सहज होत नव्हतं.

पण याच आयोगाने डेट्रॉइटचे तुकडे उपनगरांना असे जोडले की एकही कृष्णवर्णीय बहुसंख्येचा मतदारसंघ उरला नाही. परंपरा तुटली त्याचा अर्धा दोष तरी तिथे जातो, सगळा ठाणेदारांच्या पाकिटावर नको.

प्रायमरीबद्दल मात्र धागाकर्त्याशी सहमत. आमच्या तिसऱ्या मतदारसंघात पीटर मायर या रिपब्लिकनाने ट्रम्पवरील महाभियोगाच्या बाजूने मत दिलं. 2022 च्या प्रायमरीत त्यांच्याविरुद्ध ट्रम्पसमर्थक जॉन गिब्स. गिब्सचा फायदा होईल अशी चार लाख डॉलरहून जास्त खर्चाची जाहिरात कोणी दाखवली? डेमोक्रॅट्सनी! कारण नोव्हेंबरात गिब्सला हरवणं सोपं. तसंच झालं, हिलरी शोल्टन आल्या. मी त्यांनाच मत दिलं, तरी ती जाहिरात आठवली की आजही लाज वाटते.

बेळगावकर

म्हणजे सगळेच चोर, फक्त आमच्या माणसाचा पंचनामा. धन्यवाद.

डाऊनरिव्हर

@हुरॉनकाठ, जॉर्जियाचं उदाहरण देण्याआधी त्याचा इतिहास बघा. ती दुसऱ्या फेरीची पद्धत तिथे 1960 च्या दशकात आली आणि तिचा पुरस्कार करणारा आमदार उघड वंशभेदी होता. गोऱ्यांची मतं फुटून कृष्णवर्णीय उमेदवार 30-35 टक्क्यांत निवडून येऊ नये, हा हेतू. आणि तुम्ही तेच हत्यार डेट्रॉइटच्या कृष्णवर्णीयांच्या भल्यासाठी मागताय.

हुरॉनकाठ

हा टोला लागला. पण हत्यार कोणी घडवलं यावरून ते कोणाला कापतं हे ठरत नाही. मतं कोणाची फुटतात यावर ठरतं. 13 व्यात कृष्णवर्णीय उमेदवारांची मतं आपापसात वाटली गेली. ठीक आहे, दुसरी फेरी सोडा. मेन राज्यासारखं एकाच दिवशी मतपत्रिकेवर पहिली, दुसरी असा पसंतीक्रम देऊ द्या. ऑगस्टच्या उन्हात लोकांना दोनदा बोलवायला नको.

तिरकस तात्या

अहो, ते तुमच्या शेजारच्या ॲन आर्बरने 1975 मध्येच करून पाहिलंय, महापौरपदासाठी. ॲल्बर्ट व्हीलर पहिल्या मोजणीत मागे होते. तिसऱ्या पक्षाच्या मतदारांची दुसरी पसंती मिळाली आणि ते 121 मतांनी जिंकले. शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर. पुढच्याच वर्षी शहराने मतदान घेऊन ती पद्धत मोडीत काढली.