ग्नू रेडिओमध्ये नवीन रायझन जुन्या आय५ च्या दुप्पट पण का जात नाही? मदत हवी आहे

हळदपेठ
नमस्कार मंडळी, सांगलीतून, विश्रामबागला राहतो. एसडीआरचा (सॉफ्टवेअरनं चालणारा रेडिओ) नाद आहे, गच्चीवर डायपोल टाकून मेटिओर उपग्रहाची चित्रं घेतो आणि १०९० मेगाहर्ट्झवर विमानं बघतो, आरटीएल डोंगल आहे साधं. आजवर कोअर आय५-३४७० वर निवांत भागलं, पण आता मित्राचा हॅकआरएफ (डोंगलपेक्षा बराच रुंद पट्टा एकदम घेणारा एसडीआर) हाताला लागणार आहे म्हणून चुलत्यांच्या दुकानातनं रायझन ५ ५६००जी चं मशीन आणलंय, रविवारपर्यंत परत देता येतं.

तर दोन्ही मशीनवर लिक्विड डीएसपीचा (सिग्नलवरच्या गणिताची लायब्ररी) बेंचमार्क सगळे थ्रेड लावून चालवला, रायझन चौपटीच्याही पुढं गेला, खूश. मग ग्नू रेडिओत (ब्लॉक जोडून रेडिओ बनवायचं सॉफ्टवेअर) स्वतःचा फ्लोग्राफ म्हणजे ब्लॉकची साखळी केली, नुसती शून्यं ओतणारा नल सोर्स, पाठोपाठ पाच फिर (एफआयआर) फिल्टर आणि शेवटी दर मोजणारा प्रोब रेट, तर तिथं दीडपटीच्या आसपासच अडकतोय आणि सीपीयू पण शंभर टक्के दिसत नाही. मशीनमध्ये खोट आहे का माझी टेस्टच गंडलीये? दोन्हीकडं उबुंटू तेच आहे, जुन्यातली एसएसडीच काढून नव्यात लावलीये. बाकीचे बेंचमार्क स्कोर वगैरे नका देऊ, ते यूट्यूबवर ढिगानं आहेत.

मिरज_जंक्शन
रॅमच्या किती काड्या आहेत भावा? दुकानवाले एकच ८ जीबीची काडी टाकून देतात, सिंगल चॅनलवर रायझन मार खातो. दुसरी काडी टाकून बघ.

सतारची_तार
सिंगल चॅनलचा फटका बसतो तो गेमला, ग्राफिक्स आतलंच आहे ना त्यात. इथं नाही बसायचा. ग्नू रेडिओ दोन ब्लॉकच्या मधे छोटे छोटे बफर ठेवतो, ते कॅशमध्येच मावतात, रॅमपर्यंत जायची वेळच येत नाही.

हळदपेठ, आधी तीन गोष्टी सांग. फ्लोग्राफमध्ये थ्रॉटल ब्लॉक (मुद्दाम वेग रोखणारा) राहिलाय का, वॉटरफॉल वगैरे आलेखाची खिडकी लावलीये का, आणि गव्हर्नर (सीपीयूचा वेग ठरवणारी सेटिंग) परफॉर्मन्सवर आहे का.

हळदपेठ
थ्रॉटल नाही, खिडकी नाही, गव्हर्नर परफॉर्मन्सच. काडी एकच आहे हे खरं.

सतारची_तार
मग मशीन ठणठणीत आहे. लिक्विडचा बेंचमार्क तेच काम प्रत्येक थ्रेडवर वेगवेगळं चालवतो, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही, त्यामुळं १२ थ्रेड मिळाले की आकडा फुगत जातो. ग्नू रेडिओत प्रत्येक ब्लॉकला एक थ्रेड, आणि सॅम्पल एकामागोमाग त्याच रांगेतनं जाणार. सगळ्यात हळू ब्लॉक जेवढा पळेल तेवढाच अख्खा फ्लोग्राफ पळणार, उरलेले कोर ताटकळत बसतात, म्हणूनच सीपीयू शंभरला जात नाही. एचटॉप उघडून थ्रेड दाखवायला सांग, ब्लॉकच्या नावानंच थ्रेड दिसतात, जो शंभराला चिकटलाय तो तुझा गुन्हेगार. या टेस्टमध्ये तू एका कोरचा वेग मोजतोयस, कोरची संख्या नाही.

दुसरं, आणि मला जास्त संशय याचा आहे. एसएसडी तीच म्हणालास. जुन्या मशीनवर कधी व्होल्क_प्रोफाईल चालवलेलं का? व्होल्क म्हणजे ग्नू रेडिओची वेगवान गणिताची लायब्ररी. फिर फिल्टर आतून व्होल्कचा डॉट प्रॉडक्ट वापरतो. त्याची एसएसई, एव्हीएक्स, एव्हीएक्स२ (एका फटक्यात बरेच आकडे हाताळणाऱ्या सीपीयूच्या सूचना) अशी बरीच रूपं असतात, प्रोफाईल चालवलं की सगळी मोजून त्यातलं वेगवान कुठलं ते होममधल्या .व्होल्क फोल्डरात लिहून ठेवतं. ३४७० आयव्ही ब्रिज आहे, त्याला एव्हीएक्स२ नाहीच, ते हॅसवेलपासून आलं, २०१३ ला. म्हणजे आता रायझन बिचारा आयव्ही ब्रिजच्या यादीप्रमाणं चालत असणार. ती फाईल उडव, प्रोफाईल परत चालव. एफएफटीडब्ल्यूची (एफएफटी काढणारी लायब्ररी) विस्डम फाईल पण उडव, ती पण मशीनपरत्वे वेगळी असते.

हळदपेठ
व्हय की, चालवलेलं होतं. फाईलमध्ये एव्हीएक्स२ चा पत्ता नव्हता, सगळं एव्हीएक्स नि एसएसई. परत प्रोफाईल केलं, आता आकडा बऱ्यापैकी वर गेलाय, दुपटीच्या पलीकडं. मशीन ठेवतोय.

आता खरा प्रश्न. हॅकआरएफ २० मेगासॅम्पलला (सेकंदाला २ कोटी सॅम्पल) चालवला तर ८८ ते १०८ अख्खा एफएम बँड एकदम येतो. सांगलीत जी काय स्टेशनं लागतात ती सगळी एकाच वेळी रेकॉर्ड करायची आहेत. जमेल का याच्यावर?

कृष्णेचा_घाट
प्रत्येक स्टेशनला वेगळा एक्सलेटिंग फिल्टर (एक स्टेशन मधोमध आणून वेगळं काढणारा) लावू नकोस बाबा, प्रत्येक जण २० मेगासॅम्पलचा पूर्ण ओघ पितो, आठ-दहा लावले की सहा कोरची दमछाक. पॉलिफेज चॅनलायझर (अख्खा बँड एकदम सारख्या चॅनलमध्ये तोडणारा ब्लॉक) वापर. १०० चॅनल केले की २०० किलोहर्ट्झचा एकेक, सगळ्यांना मिळून एकच फिल्टर नि एकच एफएफटी. सेंटर असं धर की तुझी स्टेशनं चॅनलच्या मधोमध बसतील. आणि बँडच्या दोन्ही टोकांना फारशी आशा ठेवू नकोस, तिथं हॅकआरएफचा स्वतःचा फिल्टर सिग्नल दाबतो.

सतारची_तार
बरोबर, फक्त हे लक्षात ठेव की चॅनलायझर हा एकच ब्लॉक, म्हणजे एकच थ्रेड. एकूण काम कमी होतं पण ते सगळं एका कोरवर येतं. त्यामुळं तुला बघायचा आकडा एकच, नल सोर्स आणि चॅनलायझर लावून आत जाणारा दर २ कोटी सॅम्पलच्या किती वर जातो. जेमतेम २२-२३ मेगा दिसला तर नाद सोड, सिस्टीमनं मधेच दुसरं काही काढलं की O O O (सॅम्पल गळाल्याची खूण) छापायला लागेल. दुपटीला असलास तर निर्धास्त. कुणी एमबी प्रति सेकंदात आकडे दिले असतील तर कॉम्प्लेक्स फ्लोटचं एक सॅम्पल ८ बाइटचं, म्हणजे हॅकआरएफला १६० एमबी लागतात, तुझ्या डोंगलला २.४ वर १९.२ च.

हळदपेठ
आणि नल सोर्सवरचा आकडा खऱ्या सिग्नलवर टिकतो का?

सतारची_तार
फिल्टरला शून्य काय नि सिग्नल काय, गुणाकार तेवढेच. यूएसबीचा नि ड्रायव्हरचा भार मात्र नल सोर्समध्ये येत नाही. हॅकआरएफ हातात आला की एक मिनिट कच्चं रेकॉर्ड कर, ८ बिटात २.४ जीबी होईल, ते टीएमपीएफएसमध्ये (रॅममधली तात्पुरती डिस्क) टाकून फाईल सोर्सनं वाजव म्हणजे एसएसडी मधे येणार नाही. मग तोच फ्लोग्राफ थेट हॅकआरएफवर. दोन्हीतला फरक इथं टाक. आणि तेवढ्यासाठी ती दुसरी काडी घेतलीस तरी चालेल, ८ जीबीत टीएमपीएफएस नि ब्राउझर दोन्हीची दाटी होते.