आई-मुलीचं जुनं छापील चित्र दाखवा बघू

पंचवटीकर
जुन्या तसबिरींत आई म्हटलं की मांडीवर मुलगाच. यशोदा-कृष्ण, पार्वती-गणपती, जिजाबाई-शिवबा. नाशिकच्या जुन्या वाड्यांत माजघराच्या भिंतीवर हेच असायचं. माझं म्हणणं सरळ आहे: आई आणि मुलगी या जोडीला आपल्या छापील चित्रांत जागाच नव्हती. तसबीर घेणाऱ्या घराला मुलगा हवा होता, छापणाऱ्याने तो पुरवला. पटत नसेल त्याने चित्राचं नाव सांगावं. ‘स्त्रीजीवनाचं दर्शन’ असलं मोघम काही नको.

शिळाछाप
घ्या नाव: ‘शकुंतला जन्म’. राजा रविवर्म्याचा छापखाना 1894 मध्ये मुंबईत निघाला, पुढे मळवलीला गेला. त्या छापखान्यातून बाहेर पडलेलं पहिलं चित्र हेच मानतात. मेनका तान्ह्या शकुंतलेला घेऊन उभी आहे आणि विश्वामित्र तोंड फिरवतोय. ज्या छापखान्याने देव घरोघरी पोचवले, त्याचा नारळ लेकीच्या चित्रावर फुटला!

दुसरं, ‘सीता भूमिप्रवेश’. भूदेवीने सीतेला कवेत घेतलंय आणि दोघी जमिनीत उतरताहेत. सीतागुंफेच्या शेजारी राहून तुम्हाला हे आठवू नये, कमाल आहे. आपण ते रामाच्या गोष्टीतलं चित्र म्हणून बघतो. पण चाललंय काय, तर आई लेकीला माहेरी नेतेय.

खडूरेघ
शिळाछाप, तुमची दोन्ही उदाहरणं पंचवटीकरांच्याच पारड्यात पडतात. पहिल्यात मेनका पोर बापापुढे करतेय आणि लगेच रानात टाकून जाणार आहे. दुसऱ्यात आई येते ती लेकीचा संसार आटोपल्यावर. एकीचा आरंभ, दुसरीचा शेवट. मधलं सगळं आयुष्य गायब. लेकीला न्हाऊ घालणारी, तिची वेणी घालणारी आई कुठाय?

फ्रान्समध्ये एलिझाबेथ विजे ल ब्रं या चित्रकर्तीने 1789 च्या सुमारास स्वतःला मुलगी ज्युलीसह रंगवलं. ते लूव्रमध्ये आहे. नुसती मिठी आहे, त्यात कुठलं पुराण नाही. आपल्याकडे ती जवळीक सगळीच्या सगळी बाळकृष्णाला गेली.

शिळाछाप
तुम्ही राजदरबारात वावरलेल्या चित्रकर्तीचं तैलचित्र आमच्या बाजारातल्या कागदाशी लावताय. छापाशी छाप लावा. अमेरिकन चित्रकर्ती मेरी कॅसॅटचा 1891 चा दहा छापांचा संच घ्या. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली ती चित्रं, प्रत्येकाच्या साधारण 25 प्रती, घेणारे संग्राहक. रविवर्म्याच्या छापखान्यातून हजारोंनी प्रती निघायच्या आणि त्या पूजेच्या भिंतीसाठी खपायच्या. अनोळखी बाईने अनोळखी मुलीची वेणी घातलेली तसबीर गिऱ्हाइकाने कुठल्या खिळ्याला टांगायची? शिवाय कॅसॅटच्या चित्रांतलं तान्हं मुलगा की मुलगी, हे तरी सगळीकडे कुठे कळतं?

जुनाकागद
तुम्ही सगळे तैलरंगाच्या नकलांत अडकलात. आपल्याकडे आई आणि मुलांचं सर्वांत जास्त छापलं गेलेलं चित्र बहुधा जिवतीचा कागद असेल, आणि त्याचं नाव अजून कोणी काढलं नाही. आषाढ सरत आला की नाशिकच्या भद्रकालीत पूजासाहित्याच्या दुकानात तो अजून मिळतो. वर नरसिंह आणि कालियामर्दन, मध्ये मुलांना जपणाऱ्या देवता जरा-जिवंतिका, खाली हत्तीवर बुध आणि वाघावर बृहस्पती. श्रावणात शनिवारी नरसिंहाची पूजा, नागपंचमीला कालियामर्दनाची, शुक्रवारी जिवतीची. जरा-जिवंतिकांच्या मांडीवर मुलं, अवतीभवती मुलं. शुक्रवारी आई घरातल्या लेकरांना ओवाळते तेव्हा मुलींना वगळत नाही. मग कागदावरची सगळी मुलं ‘मुलगे’ कशी ठरवली?

ते कागदावरून ठरतही नाही, आणि त्याला छपाईचं कारण आहे. शिळाछापात, म्हणजे दगडावरून छापताना, दर रंगाला वेगळा दगड लागतो. एकट्या त्वचेलाच अनेकदा दोन-तीन. फिकट रंग आधी, गडद रेघ शेवटी. दगड ओला ठेवावा लागतो, कागद ती ओल आणि हवेतला दमटपणा दोन्ही पितो आणि किंचित वाढतो. मग पुढचा रंग केसभर सरकतो. आईच्या पदरावर केसभर चूक खपून जाते. पोराचा चेहरा नखाएवढा, तिथे डोळे आणि ओठ एकमेकांत जातात.

अंगावरच्या वस्तू बघाल तर कुंची, तीट, वाळे, मनगट्या मुलीलाही आणि मुलालाही. परकर दिसला तर मुलगी नक्की, पण तान्ह्याला परकर कुठला? मोरपीस, बासरी किंवा लोण्याचा गोळा असेल तरच बाळकृष्ण म्हणा.

गोदाकाठ
जरा मागे जाऊ. पांडवलेण्यात सातवाहन राजे आईच्या नावाने ओळखले जातात: गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र. गौतमी बलश्रीचा मोठा लेख तिथेच आहे. पण दक्षमित्रेने ओवरी दान दिली तेव्हा तिची ओळख काय, तर क्षत्रप राजा नहपानाची मुलगी आणि उषवदाताची बायको. तिची आई कुठेच नाही. मुलगा आईच्या नावाने, मुलगी बापाच्या नावाने. ही सवय छापखान्याच्या कितीतरी आधीची.

खडूरेघ
मुद्दा झकास, पण तो लेख आहे, चित्र नव्हे. असंच ताणायचं तर 1913 चा फाळक्यांचा चित्रपट ‘मोहिनी भस्मासुर’ही धरा: दुर्गाबाई कामत पार्वती, त्यांची लेक कमलाबाई मोहिनी. आई-मुलगी दोघी पडद्यावर, पण भूमिकांत ते नातं नाही. जुनाकागद यांचं मात्र पटलं. ‘मुलगी नाही’ असं मी म्हणत होतो, ते ‘मुलगी ओळखू येत नाही’ असं करतो.

पंचवटीकर
मी एवढ्यावर माघार घेणार नाही. ओळखू न येणं हेही न दाखवणंच. पण ‘जागाच नव्हती’ हे माझं वाक्य मागे घेतो. जिवतीच्या कागदाने ते खोटं पाडलं. आता कामाचं विचारतो. वाचनालयाच्या एका भिंतीवर अशी आठ-दहा चित्रं लावायची झाली, तर अस्सल जुनी कशी निवडायची?

जुनाकागद
10 पट मोठं दिसणारं भिंग घ्या. ठिपके छोट्या फुलांसारख्या ठरावीक नक्षीत बसले असतील तर ते ऑफसेटचं, म्हणजे अलीकडच्या यंत्रावरचं, पुनर्मुद्रण. वेडेवाकडे, हाताने टिंबं मारल्यासारखे असतील तर दगडावरचं. ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्रासारखा दिसणारा रंगीत छाप, तिरप्या उजेडात धरा, वार्निशची चमक आणि बऱ्याचदा कॅनव्हाससारखी उठावाची वीण दिसते. जरी-टिकल्या चिकटवलेल्या असतील तर काढू नका; तसबीर अशी नटवायची पद्धतच होती.

खालची पांढरी पट्टी शाबूत आहे का, हे आधी बघा. चौकटीत बसवताना लोक नेमकी तीच कापतात आणि चित्राचं नाव, छापखान्याचं नाव तिच्यावरच असतं. पट्टी गेलेल्या चित्राला विकणारा मनाला येईल ते नाव देतो. बहुतेक वेळा ‘यशोदा-कृष्ण’, कारण ते खपतं.

ओल्या फडक्याने पुसू नका, वार्निश पांढरं पडतं. मागची फळी काढून आम्लरहित पुठ्ठा घाला, फळीच्या आम्लानेच कागद तपकिरी होऊन ठिसूळ होतो. काच आणि चित्र यांत दोन-तीन मिलिमीटर अंतर ठेवा, नाहीतर पावसाळ्यात चित्र काचेला चिकटतं आणि सोडवताना नेमका चेहरा काचेवर राहतो. आणि पाटीवर, मोरपीस दिसत नसेल तर, ‘आई आणि बाळ’ एवढंच लिहा.