मदत हवी आहे: सहकाऱ्यांच्या अंगाला घामाचा वास येतो, त्यांना कसं सांगू?

नमस्कार मंडळी,

विषय अवघड आहे, म्हणून आढेवेढे न घेता लिहिते. चार महिन्यांपूर्वी मी टीम लीड झाले. टीममध्ये एक जण माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे आहेत. कामाला वाघ. पण दुपारनंतर त्यांच्या शेजारी बसवत नाही. मीटिंग रूमचं दार लागलं की कुणीतरी हळूच खुर्ची मागे सरकवतं. त्यांना ते दिसत असेल का, या विचाराने मलाच ओशाळायला होतं.

आधी मी पळवाट काढली. सगळ्यांना मेल टाकला: इस्त्रीचे कपडे, कापलेली नखं, पॉलिश केलेले बूट, 'वैयक्तिक स्वच्छता' वगैरे. झालं काय, तर आमच्यातली सगळ्यात टापटीप मुलगी रडवेली होऊन आली, "ताई, माझ्याबद्दल कुणी काही बोललं का?" आणि हे गृहस्थ दुसऱ्या दिवशी बूट चकाचक करून हजर! वास होता तसाच.

बरं, माणूस गबाळा अजिबात नाही. रोज दाढी, कडक कॉलर, पॉलिस्टरच्या शर्टावर एक सुरकुती नाही. म्हणूनच जीभ रेटत नाही. एचआरने "तुझी टीम, तू बघ" म्हणून हात वर केलेत. मी स्वतः बोलू की त्यांच्या वयाच्या एखाद्या पुरुष सहकाऱ्याला सांगू? आणि सुरुवात कशी करू? टेबलावर गुपचूप डिओ ठेवायचा सल्ला कृपया नको, तो दोघांनी देऊन झालाय.

प्रतिसाद १

मध्ये तिसरा माणूस अजिबात नको. तिसऱ्याकडून कळलं की वाटतं, अख्खं ऑफिस आपल्यावर बोलतंय. (बोलतच असतं म्हणा.) मला हे एकदा ऐकून घ्यावं लागलंय, त्यामुळे सांगतो: दिवस संपताना बोला, म्हणजे त्यानंतर लगेच चारचौघांत जाऊन बसावं लागत नाही. वाक्य साधं ठेवा. "एक खासगी गोष्ट आहे, सांगायला मलाही अवघड जातंय. दुपारनंतर तुमच्या कपड्यांना घामाचा वास जाणवतो. तुमच्या लक्षात आलं नसेल." हे शेवटचं नुसतं सांत्वन नाही, नाकाला स्वतःच्या वासाची सवय होऊन जाते. 'सगळे म्हणतात' हे शब्द मात्र तोंडातून जाऊ देऊ नका.

प्रतिसाद २

पॉलिस्टर वाचलं आणि थांबलो. घामाला मुळात फारसा वास नसतो, काखेतले जिवाणू त्याचं विघटन करतात तेव्हा तो सुटतो. सुती कापडापेक्षा पॉलिस्टरमध्ये हा वास जास्त मुरतो. धुतलेला शर्टही अंगाच्या उबेने पुन्हा वास मारू लागतो, म्हणजे सकाळी घरी सगळं ठीक आणि दुपारी ऑफिसात गोंधळ. डिओने वास दबतो, घाम थांबत नाही. घाम कमी करायचा तर अ‍ॅल्युमिनियमचे क्षार असलेलं अँटीपर्स्पिरंट लागतं, आणि ते रात्री झोपताना, कोरड्या काखेत लावायचं. सकाळी घाईत ओल्या अंगाला फासून उपयोग नाही. वास अलीकडेच सुरू झाला असेल तर डॉक्टरांनाही विचारायला हवं, कधी कधी औषधांमुळेही घाम वाढतो. पण हे त्यांनी विचारलं तरच सांगा. पहिल्याच बैठकीत कापडशास्त्र नको.

धागाकर्ती

दोघांचे आभार. काल संध्याकाळी बोलले. ते बराच वेळ पेनाचं टोपण उघडझाप करत राहिले, मग म्हणाले, "किती दिवसांपासून?" सगळी वाक्यं पाठ करून गेले होते, याचं उत्तर तेवढं नव्हतं. "काही महिने," म्हटलं. "मग इतके दिवस?" एवढंच म्हणाले आणि उठले.

आज सुती शर्ट घालून आलेत. माझ्याशी सकाळपासून कामापुरतंच बोलतायत. उशीर केल्याबद्दल माफी मागू, की आता तो विषयच पुन्हा काढू नको?