चळवळच पक्ष झाली तर हिशेब कोण मागणार?

वाटसरू

निवडणुका जवळ आल्या की एक सल्ला हमखास ऐकू येतो: "बाहेरून ओरडून काही होत नाही. कारभार सुधारायचा असेल तर पक्ष काढा, आत जा." मला तो पटत नाही. प्रामाणिक आणि कार्यक्षम कारभारासाठी झटणाऱ्या नागरी चळवळीने निवडणूक लढवू नये, उमेदवार उभे करू नयेत, कुणाला पाठिंबाही जाहीर करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यामागे सोवळेपणा नाही. आजवर जे प्रत्यक्ष हाती लागलं, ते बाहेर राहिलेल्यांमुळे लागलं, एवढंच माझं म्हणणं आहे.

सासवडचे न्या. वि. म. तारकुंडे बघा. ते मूळचे रॉयवादी. मानवेंद्रनाथ रॉय यांनी १९४८ मध्ये स्वतःचा पक्ष विसर्जित करून पक्षाविना राजकारणाचा विचार मांडला, त्या मुशीतून आलेले. १९७४ मध्ये जयप्रकाश नारायण यांनी 'सिटिझन्स फॉर डेमॉक्रसी' स्थापन केली, तेव्हा तारकुंडे त्यांच्याबरोबर होते. निवडणूक सुधारणांवर तारकुंडे समिती बसली. मतदानाचं वय २१ वरून १८ करा, ही तिची एक शिफारस. पुढे १९८८ मध्ये ६१व्या घटनादुरुस्तीने ते वय खाली आलं. एकट्या त्या अहवालामुळे आलं असं मी म्हणणार नाही, पण मागणी नागरिकांच्या बाजूने आधीच नीट मांडून ठेवलेली होती.

त्याच काळातून दोन गोष्टी जन्मल्या. एक जनता पक्ष, जो १९७७ मध्ये सत्तेवर आला आणि ज्याचं सरकार १९७९ मध्ये कोसळलं. दुसरी पीयूसीएल, १९७६ मध्ये आणीबाणीत सुरू झालेली नागरी हक्कांची संघटना. २००३ मध्ये उमेदवाराची माहिती मिळण्याच्या हक्काचा निकाल लागला आणि २०१३ मध्ये 'नोटा'चा, म्हणजे मतदानयंत्रावरच्या 'यापैकी कुणीही नाही' या पर्यायाचा. दोन्ही खटल्यांत पीयूसीएल याचिकाकर्ती होती. पक्षाचं सरकार अडीच वर्षंही टिकलं नाही, संघटना मात्र साडेतीन दशकांनंतरही न्यायालयात उभी होती.

उमेदवाराने स्वतःची माहिती ज्यात जाहीर करायची त्या शपथपत्रांची लढाई तर प्रत्येकाने माहीत करून घ्यावी अशी आहे. १९९९ मध्ये अहमदाबादच्या आयआयएममधल्या काही प्राध्यापकांनी एडीआर (असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स) ही संस्था काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयात गेले. उमेदवारावरचे गुन्हे, त्याची मालमत्ता आणि शिक्षण मतदाराला कळलं पाहिजे, ही मागणी. २ मे २००२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली. त्यानंतर एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे पक्ष एकत्र आले आणि निकालाची धार घालवणारी दुरुस्ती संसदेत मंजूर झाली. मार्च २००३ मध्ये न्यायालयाने ती दुरुस्ती रद्द केली. सगळे पक्ष एका बाजूला असतील तेव्हा दुसऱ्या बाजूला उभं राहायला पक्ष नसलेलं कुणीतरी लागतं. त्या प्राध्यापकांनी चार उमेदवार उभे केले असते, तर त्यांची याचिका विरोधकांची खेळी ठरली असती.

माझ्या लेखी निःपक्ष असणं म्हणजे रोज सगळ्यांवर सारखी टीका करणं नव्हे. जो सत्तेवर असेल त्याला तोच प्रश्न, त्याच मापाने. पदाधिकाऱ्याकडे कुठल्याही पक्षाचं पद नको, ज्याला निवडणूक लढवायची आहे त्याने आधी राजीनामा द्यावा, आणि चळवळीचा जमाखर्च कुणालाही बघता यावा. तुम्हाला काय वाटतं?

सातबारा

वाटसरू, तुम्ही फक्त जिंकलेले खटले मोजलेत. पूर्ण असहमत.

जून २०१३ मध्ये केंद्रीय माहिती आयोगाने सहा राष्ट्रीय पक्षांना माहिती अधिकाराच्या कक्षेत आणणारा आदेश दिला. एकाही पक्षाने तो पाळला नाही. २०१९ मध्ये माहिती आयुक्तांची मुदत आणि वेतन ठरवण्याचा अधिकार कायदा बदलून केंद्राने स्वतःकडे घेतला. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातलं कलम ८(१)(ञ) असं बदललं की 'वैयक्तिक माहिती' एवढ्या एका कारणावर अर्ज फेटाळणं सोपं व्हावं. लोकपालासाठी २०११ मध्ये देश रस्त्यावर आला, कायदा डिसेंबर २०१३ मध्ये संमत झाला आणि पहिला लोकपाल नेमला मार्च २०१९ मध्ये! तुम्ही बाहेर उभं राहून कायदा मिळवता, आतले लोक निवांतपणे तो बोथट करतात. दर वेळी न्यायालयात धावायचं का?

आणि शपथपत्रांचं फलित काय? एडीआरचेच आकडे घ्या. गुन्हेगारी खटले जाहीर केलेले खासदार २००९ च्या लोकसभेत ३० टक्के होते, २०१९ मध्ये ४३ आणि २०२४ मध्ये ४६ टक्के. ५४३ पैकी २५१. माहिती मिळाली, तरी चित्र बिघडतच गेलं. कारण मतदाराला पर्याय देणं हे निवडणूक लढवणाऱ्याचंच काम आहे. दोन वाईटांतला फरक दाखवणारा तक्ता देऊन तुम्ही बाजूला होता आणि मतदाराला म्हणता, निवड. कुणाला निवडणार तो?

निंबोणी

सातबारा, पर्याय देऊ पाहणाऱ्यांचं काय झालं तेही बघायला हवं. आंध्रात माजी सनदी अधिकारी जयप्रकाश नारायण (लोकनायक नव्हेत, हे वेगळे) यांनी १९९६ मध्ये लोकसत्ता चळवळ सुरू केली. निवडणूक सुधारणांच्या चर्चेत तिच्या शब्दाला वजन होतं. २००६ मध्ये तिचा पक्ष झाला. २००९ च्या विधानसभेत एकच जागा मिळाली, कुकटपल्लीची, स्वतः नारायण यांची.

दुसरं उदाहरण दिल्लीचं. २०११ च्या लोकपाल आंदोलनातून २०१२ मध्ये आम आदमी पक्ष निघाला, २०१५ मध्ये ७० पैकी ६७ जागा जिंकला आणि २०२५ मध्ये २२ वर आला. त्यांचा कारभार चांगला होता की वाईट, यात मी शिरत नाही. पण पक्ष निघाला त्या दिवशी आंदोलन दुभंगलं. अण्णा हजारे एकीकडे, पक्ष दुसरीकडे. २०११ मध्ये रामलीला मैदानावर जे लोक एकत्र बसले होते, ते पुन्हा कधीही एका मागणीसाठी एकत्र बसू शकले नाहीत. माझा पक्षाला विरोध नाही, नवे पक्ष निघावेत. पण चळवळ मोडून त्यातून पक्ष उभा करू नये.

खडूफळा

तुम्ही तिघंही दिल्लीत आणि सर्वोच्च न्यायालयात अडकलात. धाग्याच्या पहिल्याच परिच्छेदात 'कार्यक्षम' हा शब्द आहे, त्यावर अजून कुणी एक ओळ लिहिलेली नाही.

माहिती अधिकाराची मुळं राजस्थानात आहेत. १९९० मध्ये राजसमंद जिल्ह्यात मजदूर किसान शक्ती संघटन स्थापन झालं. मजुरांना किमान मजुरी मिळत नव्हती. का मिळत नाही, हे विचारायला गेलं की हजेरीपट दाखवत नसत. १९९४ च्या डिसेंबरपासून त्यांनी गावोगाव जनसुनावण्या घेतल्या. हजेरीपट सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचा. ज्याचं नाव येईल त्यानेच उठून सांगायचं, मी या कामावर नव्हतो. हा माणूस तर वारलाय. ही भिंत कधी बांधलीच नाही. मग १९९६ मध्ये ब्यावरला ४० दिवस धरणं धरलं. 'हमारा पैसा, हमारा हिसाब' ही घोषणा तिथली. २००५ चा केंद्रीय कायदा यायला आणखी नऊ वर्षं गेली.

या चळवळीची ताकद निःपक्षतेत होती असं मला वाटत नाही. हिशेब ज्याच्या पोटाशी जोडलेला आहे, तोच तिथे हिशेब मागत होता, ही तिची ताकद. आपल्या शहरांतल्या बऱ्याच नागरी संघटनांत हेच नसतं. निवृत्त अधिकारी, वकील, सनदी लेखापाल असतात. चांगली माणसं आहेत, त्यांच्या हेतूबद्दल शंका नाही. पण सफाई कामगार, फेरीवाला, झोपडपट्टीत पाण्यासाठी रात्री जागणारी बाई त्या बैठकीत नसते. मग 'प्रामाणिक कारभार' म्हणजे फुटपाथ मोकळे करा, इथपर्यंतच गाडी पोहोचते.

दुसरं म्हणजे, महाराष्ट्रात हत्यारं आधीच पडून आहेत. २००५ चा बदल्यांचा कायदा, ज्याला सगळे दप्तर दिरंगाईचा कायदा म्हणतात, तो अण्णांच्याच आंदोलनाचं फळ. सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपलीकडे फाइल एका टेबलावर राहू नये, असं तो म्हणतो. २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. दाखला, परवाना, नोंद ठरलेल्या मुदतीत मिळाली नाही तर पहिलं अपील, दुसरं अपील, मग आयोग. दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड. किती लोक अपील करतात? लोक एजंटला पैसे देतात आणि मोकळे होतात, कारण अपील कसं लिहायचं हे सांगणारं जवळपास कुणी नसतं. चळवळीने दर आठवड्याला तहसील कार्यालयाबाहेर एक टेबल टाकून अपिलं लिहून दिली, तर कुठल्याही पक्षाच्या परवानगीची गरज नाही. या कामाला टाळ्या मिळत नाहीत, म्हणून ते होत नाही.

परखड पाटी

निःपक्ष असणं प्रत्यक्षात जमत नाही, हे माझं मत. एका सरकारच्या काळात दर आठवड्याला पत्रक काढणाऱ्या संघटना दुसऱ्या सरकारच्या काळात गप्प होतात, हे मी जवळून पाहिलंय. पैसा कुठून येतो यावर आवाजाची पट्टी ठरते. त्यापेक्षा पक्ष बरा. त्याची बाजू निदान झाकलेली नसते.

वाटसरू

परखड पाटी, म्हणूनच जमाखर्च उघडा ठेवण्याची अट मी घातली. दुसरी कसोटी अशी: संघटनेने मागच्या सरकारला विचारलेले प्रश्न आणि आताच्या सरकारला विचारलेले प्रश्न शेजारी ठेवून बघायचे. जी संघटना यात नापास होते तिला निःपक्ष म्हणू नये, पण त्यामुळे कल्पना खोटी ठरत नाही. निवडणूक रोख्यांचा, म्हणजे नाव जाहीर न करता पक्षांना देणगी देण्याच्या योजनेचा खटला आठवा. योजना २०१८ ची, निकाल १५ फेब्रुवारी २०२४ चा, पाच न्यायाधीशांचा एकमताने. एडीआर आणि कॉमन कॉज या संस्था त्यात याचिकाकर्त्या होत्या. मार्चमध्ये याद्या बाहेर आल्या तेव्हा सत्ताधारी आणि विरोधी, दोन्हीकडच्या पक्षांना कुणी किती दिलं ते लोकांनी वाचलं. रोख्यांचा पैसा दोन्हीकडे गेलेला होता.

सातबारा, तुमचा ४६ टक्क्यांचा आकडा अस्वस्थ करणाराच आहे. पण तो तुम्हाला मिळाला २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे. त्याआधी असे किती खासदार निवडून येत होते ते मोजायची सोयच नव्हती. तिकीट कुणाला द्यायचं हे पक्ष ठरवतात, तेव्हा या वाढीचा जाब पक्षांना विचारायला हवा.

खडूफळा, टेबलाची सूचना मला मनापासून पटली.

सातबारा

आकडा मिळाला, मान्य. पण माझ्या मूळ मुद्द्याला बगल देऊ नका. लोकसभा सोडा, प्रभागात तरी लढाल की नाही? २००७ मध्ये मुंबईत जुहूच्या प्रभागातून नागरिकांनी एकत्र बसून ठरवलेला अपक्ष उमेदवार महापालिकेवर निवडून गेला होता. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीची निवडणूक तर पक्षचिन्हावर होतच नाही. कायद्यानेच जी जागा पक्षाविना ठेवली आहे, तीही तुम्ही सोडून देणार?

आणखी एक गोष्ट, जी मला खरंच टोचते. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे तीन वर्षांहून जास्त काळ तिथे प्रशासक होता. मुदत संपण्याआधी निवडणूक झाली पाहिजे, असं घटनेचं कलम २४३-यू सांगतं. तेव्हा किती नागरी संघटनांनी धरणं धरलं? उलट "नगरसेवक नाहीत तेच बरं, आयुक्त कामं तरी करतात" हे वाक्य मी सुशिक्षितांच्या तोंडून वारंवार ऐकलं. निःपक्षतेचा असा लोकप्रतिनिधींच्या तिरस्कारात शेवट होणार असेल, तर मला ती नको.

निंबोणी

मुंबईच्या २२७ नगरसेवकांमध्ये तो एक, सातबारा. तेही सांगा. आणि ग्रामपंचायतीत चिन्ह नसलं तरी पॅनल कुणाचं आहे हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

पण प्रशासकाबद्दल तुमचं बोलणं शंभर टक्के खरं आहे.

वाटसरू

प्रशासकाचा मुद्दा मलाही मान्य. प्रामाणिक कारभाराची मागणी करणाऱ्याने सगळ्यात आधी वेळेवर निवडणूक मागायला हवी. नगरसेवक नको, आयुक्तच हवा, असं म्हणणारी संघटना माझ्या व्याख्येत बसत नाही. आयुक्ताची बदली मंत्रालय करतं. मतदार त्याला घरी पाठवू शकत नाही.

प्रभागात आणि गावात व्यक्तीने जरूर लढावं. संघटनेतून राजीनामा द्यावा आणि लढावं. जिंकल्यावर त्याच संघटनेने त्यालाही बाकीच्या नगरसेवकांसारखंच जाब विचारत राहावं. संघटनेच्या नावावर लढण्याला मात्र माझा विरोध कायम आहे.

सातबारा

राजीनामा देऊन लढायचं तर त्याच्यामागे माणसं कोण उभी करणार, पत्रकं कोण वाटणार? मोठे पक्ष सगळी यंत्रणा घेऊन उतरतील आणि आपला माणूस एकटा. माझं मत बदललेलं नाही.

खडूफळा

तोवर एक काम दोघांनाही करता येईल. महापालिका कायद्यात २००९ पासून क्षेत्रसभेची तरतूद आहे: गावात ग्रामसभा, तशी शहरात प्रभागाच्या भागांत मतदारांची सभा. ती घेतली जात असल्याचं मला तरी क्वचितच दिसलंय. आपापल्या महापालिकेत माहिती अधिकारात विचारा: क्षेत्रसभांसाठी भाग अधिसूचित झाले का, कधी झाले, सभा कधी घेतली, इतिवृत्त कुठे आहे. मी माझ्या प्रभागापुरता अर्ज तयार केलाय. ज्यांना हवा त्यांनी इथेच लिहा, मसुदा पुढच्या प्रतिसादात टाकतो.